आवाजाची शेपटी

ट्रकच्या त्या यार्डात दिवसभर इतका गोंगाट असे की शेजारी उभ्या माणसाला शिवी द्यायची तरी ओरडून द्यावी लागे, आणि मग ती उगाच चार जणांना लागे. घण, ग्राइंडर, कॉम्प्रेसर, वेल्डिंगची तडतड, आणि त्यात कुणीतरी बिनकामाचा हॉर्न तपासत बसलेला. पण रोज एक-दोनदा मागच्या शेडमधून हाक यायची, "गप्प!" आणि सगळं यार्ड चिडीचूप व्हायचं. ज्याचा घण वर असेल त्याचा घण वरच राहायचा. खुद्द मालक फोनवर बोलत असले तर फोनवर पंजा ठेवून उभे राहायचे. ती हाक कानसेनची असे आणि तिचा मान सगळे राखत.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो ब्रेकचा फिटर. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण जड गाडीच्या ब्रेकमधून हवा सुटते तेव्हा त्या सुटण्यात काय दुखतंय, हे तो नुसतं ऐकून सांगायचा. म्हणून यार्डातल्या वेल्डरने त्याला हे नाव ठेवलं आणि ते डिंकासारखं चिकटलं. घरी बायको रागावली की तीसुद्धा "ऐकलंत का, कानसेन" असंच सुरू करायची.

ह्या हवेच्या ब्रेकची गंमत अशी आहे. ड्रायव्हर पुढे बसतो आणि मागची चाकं असतात पार लांब. त्याने पॅडल दाबल्यावर तिथली हवा नळीतून रमतगमत मागे जायची म्हटली, तर ती पोहोचेपर्यंत पुढचा माणूस चाकाखाली गेलेला असेल. म्हणून मागच्या एक्सलजवळ, चासीच्या पोटाला, एक ओतीव डबी बसवलेली असते. तिला रिले व्हॉल्व्ह म्हणतात. तिच्या शेजारीच हवेची टाकी. पॅडलकडून येणारी बारीक नळी फक्त निरोप आणते. निरोप आला की डबीतला पिस्टन खाली बसतो आणि टाकीतली हवा थेट ब्रेकमध्ये घुसते, पाय जितका दाबला तितकीच. पाय उचलला की निरोप संपतो, पिस्टन वर उठतो, टाकीची वाट बंद होते आणि वापरलेली हवा तिथल्या तिथे व्हॉल्व्हच्या खालच्या तोंडातून बाहेर पडते. फुस्स. चाकं मोकळी.

पिस्टनला एक रबरी रिंग असते. ती फुगली किंवा जास्त घट्ट बसली, तर पिस्टन वर उठायला कुरकुर करतो. मग बरीचशी हवा झटक्यात जाते, पण उरलेली थोडी रेंगाळत, बारीक सुस्कारा टाकत जाते. त्या सुस्काऱ्याला कानसेन शेपटी म्हणायचा. शेपटी असली की ब्रेक पुरते सुटत नाहीत, लायनर चाकातल्या ड्रमला घासत राहतात. सपाट रस्त्यावर हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. लांब उतारावर मात्र आधीच तापलेले ड्रम आणखी तापतात, आणि एका मर्यादेनंतर पॅडल कितीही दाबलं तरी ब्रेक धरत नाहीत. म्हणून गाडी यार्डाबाहेर सोडायच्या आधी कानसेन सगळ्यांना गप्प करायचा, मागच्या एक्सलखाली आडवा व्हायचा, डोळे मिटायचा आणि ऐकायचा.

दुसरे फिटर हे काम गेज लावून करतात. कानसेनला गेजचा तिटकारा होता. नळ्या सोडा, गेज जोडा, आकडे बघा, पुन्हा नळ्या जोडा, ह्याला तो पाहुण्याचा पंचनामा म्हणायचा. यार्डातलं गेज कपाटात कुठेतरी धूळ खात पडलं होतं, आणि मालकांनाही त्याची आठवण नव्हती.

गेली दोनेक वर्षं तर त्याचं नशीब जोरावर होतं. पूर्वी ह्या ना त्या व्हॉल्व्हला शेपटी निघायची, तो उघडावा लागायचा, रिंग बदलावी लागायची, शिव्या खाव्या लागायच्या. आता कसं, व्हॉल्व्ह चढवला, गप्प म्हटलं, की पहिल्याच फटक्यात आवाज स्वच्छ. सुरीने कापावा तसा. फट. उतारवयात आपला हात असा बसला याचं त्याला फार समाधान होतं, आणि हे समाधान तो चारचौघांत बोलूनही दाखवायचा. मागची चाकं तापतात अशा तक्रारी ड्रायव्हर लोक एकमेकांत करत. पण कानसेनने पास केलेल्या गाडीबद्दल तोंड उघडायचं म्हणजे आपलाच पाय जड आहे हे कबूल करण्यासारखं होतं, त्यामुळे त्या तक्रारी त्याच्यापर्यंत आल्या नाहीत.

घरीही एक कुरबूर चालू असायची. न्हाणीतला नळ सूं सूं वाजतो, झोप लागत नाही, असं बायको म्हणायची. हा नळापाशी जाऊन उभा राहायचा आणि "कुठे वाजतोय?" विचारायचा.

"अहो, तुम्हाला बारीक आवाज येईनासे झालेत. केव्हाची सांगतेय."

"मला? यार्डात जाऊन बोल असं, हसतील लोक."

"हसू देत. कान आहेत की नुसते शोभेला लावलेत?"

तो हसायचा. माणसांचं बोलणं त्याला व्यवस्थित ऐकू यायचं, हाक मारली की ओ द्यायचा, मग कानाला झालंय काय? बायकोला किरकिर करायला काहीतरी लागतंच, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

त्याचा एकच भाऊ, त्याला सगळे धाकटा म्हणत. आईबाप गेले तेव्हा धाकटा एवढासा होता. कानसेन आणि त्याच्या बायकोने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही, ती सगळी माया त्यांनी ह्याच्यावरच ओतली. मोठा झाल्यावर तो त्याच मालकाकडे ड्रायव्हर म्हणून लागला. लग्नाचं नाव काढलं की पळायचा, पण वहिनीच्या हातचं जेवायला दर फेरीनंतर हजर. गाडीबद्दल त्याची एकच अट असे, दादाने ऐकलेली असली पाहिजे.

एके सकाळी तो लांबलचक ट्रेलर घेऊन यार्डात आला आणि थेट मागच्या शेडमध्ये गेला.

"दादा, मागची चाकं तापतायत. उतरून हात लावला तर चटकाच बसला."

"पॅडलवर पाय ठेवून चालवत असशील. आळशी आहेस लहानपणापासून."

"तुझी शपथ, नाही ठेवत."

"माझी कशाला? स्वतःची घे. मी मेलो तर तुझी गाडी कोण ऐकणार?"

कानसेनने व्हॉल्व्ह उतरवला, उघडला. आत जुनी रिंग फुगून बसली होती. त्याने सगळं पुसून लखलखीत केलं आणि नवी रिंग चढवली. ती जरा घट्टच वाटली. अंगठ्याने पिस्टन दाबला तर तो खाली गेला, पण वर यायला किंचित आढेवेढे घेतले. हे त्याने पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं असं नाही. हाताला लागणं वेगळं आणि हवेने चालणं वेगळं, काय ते कान सांगेल, हा त्याचा नेहमीचा हिशेब होता आणि तो आजवर कधी चुकला नव्हता.

व्हॉल्व्ह चढला, टाक्या भरल्या, इंजिन बंद झालं. धाकटा केबिनमध्ये जाऊन बसला. कानसेन एक्सलखाली आडवा झाला आणि ओरडला, "गप्प!"

यार्ड थांबलं. मालक दारात उभे राहिले. वेल्डरला नेमकी शिंक आली होती, ती त्याने नाक दाबून कशीबशी अडवली.

"दाब! सोड!"

फट.

"परत. दाब! सोड!"

फट. डोळे मिटून पडलेल्या कानसेनला मनापासून बरं वाटलं. इतका कोरा आवाज! घट्ट रिंगेची शंका मनात होती तीही गेली. तो बाहेर सरकला, कपडे झटकले आणि हात वर करून म्हणाला, "लोण्यासारखी सुटतेय. ने."

धाकट्याने खिडकीतून डोकं काढलं. "वहिनीला सांग, परतलो की जेवायलाच येतो. वांगी सोडून काहीही कर म्हणावं."

"निघ आता. खादाड."

ट्रेलर माल भरून निघाला. दिवसभर सपाट रस्ता होता. संध्याकाळच्या सुमारास डोंगराचा लांब उतार लागला. मागची चाकं किती वेळापासून तापत होती कोण जाणे. उताराच्या मध्यावर मागून धूर येऊ लागला, धाकट्याने ब्रेक दाबला तर गाडी हळू होईना, आणखी दाबला तर ती उलट वेग घ्यायला लागली. खालच्या वळणावर रस्त्याचं काम चालू होतं. एक मजूर खड्ड्यात डांबर दाबत होता, त्याची पाठ रस्त्याकडे होती. ट्रेलर त्याच्यावरून गेला आणि दगडी कठड्याला धडकून आडवा झाला. मजूर जागीच गेला. त्याला दोन मुली होत्या. मागच्या टायरांनी पेट घेतला आणि ट्रेलरची मागची बाजू जळून कोळसा झाली. धाकट्याला लोकांनी केबिनमधून ओढून काढलं. त्याचं कंबरेचं हाड मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब यार्डात आले. मालकांनी त्यांना शेडमध्ये आणलं. "ह्यांनी तपासले होते ब्रेक," ते म्हणाले, आणि त्या सांगण्यात एक प्रकारचा अभिमानच होता. साहेबांनी विचारलं, "काही दोष होता का?"

कानसेन रात्रभर इस्पितळात बसून आला होता. त्याला भावाचा राग आला होता, अगदी बापाला येतो तसा. जीव वाचला ह्याचा आनंद आणि एक माणूस मारला ह्याची लाज, दोन्ही मिळून तो राग झाला होता. तो म्हणाला, "ब्रेक ठणठणीत होते. मी स्वतः ऐकलेत."

तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण रागावलेल्या माणसाला थांबता येत नाही. साहेब निघताना तो पुढे म्हणाला, "ही पोरं डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. सगळा भार मग ब्रेकवर येतो. ते विचारा त्याला." साहेबांनी मान हलवली. त्यांना हवं होतं ते आयतं हातात पडलं होतं.

इस्पितळात धाकट्याच्या खोलीबाहेर शिपाई बसवला होता. कानसेन आत गेला तो तावातावानेच.

"न्यूट्रल केलीस ना?"

धाकट्याचे ओठ कोरडे पडले होते. "नाही दादा. गिअरातच होती. बहुतेक."

"बहुतेक?"

"मला नीट आठवत नाही. धूर आला, मी दाबत होतो, दाबत होतो..." मग म्हणाला, "पण तुझे ब्रेक होते ना? तुझे ब्रेक असून थांबली नाही, म्हणजे मीच काहीतरी केलं असणार."

खरं सांगायचं तर कानसेनलाही तेच वाटत होतं.

यार्डात परतल्यावर तो कुणाशी बोलेना. डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. वेल्डर त्याचा जुना दोस्त. नकला करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. मालकांचा खोकला, प्रत्येक ट्रकचा हॉर्न, ग्राइंडर, सगळं तो तोंडाने काढायचा. कानसेनचा चेहरा त्याला बघवेना. एका दुपारी त्याने ठरवलं, काही झालं तरी ह्याला हसवायचंच.

"तुला माहितेय का, त्या दिवशी धाकट्याच्या गाडीच्या वेळी माझी काय गत झाली होती? शिंक इथे आलेली आणि तू ओरडलास, गप्प!" वेल्डरने नाक दाबून डोळे वटारले. "मालक असे दारात. मी असा लालबुंद. तू खालून ओरडतोस, दाब! सोड! आणि तो व्हॉल्व्ह तुझा, फुस्स..."

कानसेनला फुस्स ऐकू आलं आणि संपलं. तो वेल्डर पुढे काय बोलतो ह्याची वाट बघत राहिला. पण वेल्डर पुढे बोलेना. त्याचे ओठ तसेच चंबूसारखे पुढे काढलेले होते, गाल हळूहळू आत जात होते, भुवया वर चढलेल्या.

"बोल की. थांबलास का?"

वेल्डरने हात वर करून त्याला दम धरायला सांगितलं. ओठ तसेच.

कानसेनने त्याच्या तोंडापुढे तळहात धरला. तळहाताला वारा लागत होता. बारीक, सारखा. वेल्डरचं फुस्स अजून चालूच होतं.

शेवटी वेल्डरने श्वास घेतला. "काय रे, नक्कलही पुरी करू देत नाहीस. अजून कुठे संपलं होतं!"

"इतकं लांब होतं?" कानसेनने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

"होतं म्हणजे? संपता संपेना. मी म्हटलं, हे थांबतंय कधी आणि मी शिंकतोय कधी."

"परत कर."

"आता काय..."

"परत कर, तुझ्या पाया पडतो."

वेल्डरने परत केलं. कानसेनने कान त्याच्या तोंडाला भिडवला. फट, आणि मग काही नाही. फक्त कानाच्या पाळीवर वारा. त्याने पुन्हा करायला लावलं, दुसरा कान लावला. तिकडेही तेच. वेल्डर आता घाबरला होता.

"तू बोलला का नाहीस तेव्हा?"

"मी? तुझ्यापुढे?" वेल्डर चकित झाला. "मला काय कळतं त्यातलं? फुस्स ते फुस्स. तू म्हणालास लोण्यासारखी, मी म्हटलं असंच असतं लोणी."

कानसेन उठला. कॉम्प्रेसरच्या नळीला एका जोडावर बारीक गळती होती, यार्डातले सगळे तिला शिव्या देत. त्याने सगळ्यांना कॉम्प्रेसर बंद करायला सांगितलं, पण ह्या वेळी गप्प म्हणून ओरडला नाही. नळीत हवा होतीच. त्याने साबणाचं पाणी जोडावर लावलं आणि कान अगदी जवळ नेला. त्याच्या डोळ्यांदेखत बुडबुडे फुगत होते, फुटत होते, पुन्हा फुगत होते. आवाज कसलाच नव्हता. मागे कुणीतरी म्हणालं, "किती सूं सूं करतंय ते, बदला एकदाचा तो जोड." ते बोलणं त्याला अक्षरन् अक्षर ऐकू आलं.

हात बसला नव्हता. व्हॉल्व्ह सुधारले नव्हते. शेपट्या सगळ्या तिथेच होत्या, दोन वर्षं, प्रत्येक गाडीला. त्या ऐकणाराच गेला होता. आणि त्याच कानाच्या भरवशावर त्याने भावाला उतारावर पाठवलं, एका मजुराला मारलं, आणि वर साहेबांना न्यूट्रलची गोष्ट सुचवली. तो साबणाच्या पाण्यात हात बुडवून कितीतरी वेळ बसून राहिला. आपण मेलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला सरळ सरळ वाटलं.

मग तो मालकांकडे गेला. मालकांचा जीव होता त्याच्यावर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठले, त्याच्याकडे पाठ करून कपाटात काहीतरी शोधू लागले. पाठमोरेच, अगदी हळू म्हणाले, "चहा सांगू का?"

"नको, मालक."

मालक वळले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण त्यात चेष्टा नव्हती. "ऐकू आलं की."

"बोलणं येतं ऐकू. बारीक हवा नाही येत."

"हे बघ, भावासाठी कुणीही हेच केलं असतं. मीही केलं असतं. पण मी तिथे दारात उभा होतो. तू दोनदा ऐकलंस, माझ्या डोळ्यांसमोर." ते जवळ आले. "आणि समज, तू म्हणतोस तसं असलं, तर दोन वर्षांत इथून गेलेल्या गाड्यांचं काय? ते सगळं माझ्या डोक्यावर आणणार आहेस का? घरी जा. झोप नाही तुला."

"व्हॉल्व्ह उघडून बघा. रिंग घट्ट होती."

"रिंग कुठली आता? मागची बाजू जळून गेली. बघायचं काय, राख?"

साहेबांकडे तर त्याने बोलायला सुरुवात केली आणि ते हसलेच. "ठणठणीत होते म्हणून तुम्हीच सांगितलंत. न्यूट्रलचंही तुम्हीच. आता भाऊ अडकणार दिसल्यावर कान गेले?" त्याने डॉक्टरकडे चला म्हणून हात जोडले. साहेब म्हणाले, "असतील आज गेलेले. तुमच्या वयात जातातच. त्या दिवशी नव्हते हे कशावरून? तुमच्या यार्डात कुणालाही विचारा, सगळे तुमच्या कानाचीच ग्वाही देतात." हे मात्र खरं होतं. वेल्डरला बोलावलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं, पण नकलाकाराची साक्ष कोण धरणार?

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. मी म्हणत नव्हते का, असं ती म्हणेल आणि आपल्याला थोडं बरं वाटेल, अशी त्याची अपेक्षा होती. ती तसं काही म्हणाली नाही. ती खाली बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. मग उठली, चेहरा धुतला, चप्पल घातली.

"चला."

"कुठे?"

"त्याच्याकडे. कुणी मानू नाहीतर न मानू. कोर्ट काय करायचं ते करेल. पण त्या पोराला तरी कळायला हवं, की त्याच्या हातून काही झालेलं नाही. नाहीतर जन्मभर कुरतडून घेईल तो स्वतःला."

तेवढं एक उरलं होतं. बसमध्ये कानसेन मनाशी तेवढंच घोकत होता. तुरुंग टळणार नाही, माझं तोंड काळं होईल, मजुराच्या पोरी परत बाप पाहणार नाहीत. पण धाकट्याने मला शिवी द्यावी. तुझ्यामुळे झालं म्हणावं, ओरडावं, थुंकावं माझ्यावर. एवढं झालं तर मला जगता येईल.

धाकटा उशांना टेकून बसला होता. चेहरा उतरला होता, पण डोळे शांत होते, आधीच्या वेळी नव्हते इतके. वहिनीने त्याच्या केसांतून हात फिरवला. कानसेन पलंगाच्या कडेला बसला आणि एका दमात सगळं बोलला. रिंग घट्ट होती. पिस्टन रेंगाळत होता, मी पाहिलं होतं. शेपटी होती, लांबलचक, सगळ्यांनी ऐकली, मला आली नाही. माझे कान गेलेत रे. तुझे ब्रेक सुटतच नव्हते. तू काही केलं नाहीस. मी केलं.

धाकटा ऐकत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कानसेनला वाटलं, पटलं. पटलं ह्याला.

"दादा," धाकटा म्हणाला, "तू आयुष्यात कधी खोटं बोलला नाहीस. लहानपणी मी काच फोडली तेव्हासुद्धा माझ्यासाठी नाही बोललास. आज माझ्यापायी बोलतोयस?"

"खोटं नाही रे. वहिनीला विचार."

"अरे, खरं सांगतायत ते," बायको म्हणाली. "दोन वर्षं झाली. घरातला नळ नाही ऐकू येत त्यांना. मी ओरडून ओरडून थकले."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं आणि हसला. इतक्या मायेने हसला की कानसेनने नजर वळवली. "वहिनी, तूही? दोघांनी मिळून ठरवून आलात ना? वाटलंच होतं मला, काहीतरी कराल म्हणून." त्याने दादाचा हात हातात घेतला. "असं कुठे बोलू नकोस. तुझं नाव जाईल. नाव गेल्यावर तुझ्याजवळ राहील काय? मी तर गेलोच आहे."

"धाकट्या, ऐक. देवाशपथ सांगतो..."

"मी साहेबांना सांगून टाकलंय."

"काय सांगितलंस?"

"सकाळी आले होते. मी म्हटलं, हो, न्यूट्रलमध्ये टाकली होती. अंगठाही दिला."

कानसेन उठून उभा राहिला, पुन्हा बसला. "पण तू नव्हती टाकली! तूच म्हणालास गिअरात होती!"

"तेव्हा डोक्यात सगळा गोंधळ होता. मग पडल्या पडल्या विचार केला. दादाने ऐकलेले ब्रेक फसणार नाहीत. म्हणजे राहिलं काय? मीच." तो समजूत घालावी तसा बोलत होता, आजारी माणसाने भेटायला आलेल्याची घालावी तशी. "आणि खरं सांगू? एकदा मानलं आणि मग हळूहळू आठवायलाच लागलं. आता सगळं नीट दिसतं. उतार लागला, खाली दिवे दिसत होते, मी डिझेलचा काटा बघितला."

"नाही रे. नाही बघितलास."

"बघितला, दादा. आणि मग हात गिअरवर गेला."

त्याने दादाचा हात सोडला, आपला डावा हात चादरीवर ठेवला, मूठ वळली आणि ती अलगद मधे सरकवली. "हा असा," तो म्हणाला.